कोथरूडचं फिजिओथेरपी केंद्र: पक्षाघाताच्या रुग्णाच्या मनाकडेही लक्ष

अण्णांची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. व्यायाम इथे मनापासून करून घेतात, पण माझे पाच तारे वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत.

पहिल्याच भेटीत मॅडमनी आईला विचारलं, "यांना पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का? दिवसभर सोबतीला कोण असतं?" पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. पूर्वी येऊन गेलं असेल, अपंगत्व जास्त असेल, माणूस एकटा पडला असेल तर धोका वाढतो. बोलू शकणाऱ्या रुग्णांकडून पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली भरून घेतात. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. अण्णांसाठी मात्र आईलाच प्रश्न विचारले: एकदम रडू फुटतं का, नजर टाळतात का, रात्री तळमळतात का? काही आठवड्यांनी तेच पुन्हा. आईच्या उत्तरांचे गुण वाढलेले दिसताच डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, औषध सुरू झालं. आता अण्णा व्यायामाला स्वतःहून हात पुढे करतात. आधीच्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळही नव्हती, याची मला अजून चीड येते.

लिफ्ट अरुंद आहे, व्हीलचेअर जेमतेम मावते. शनिवारी फार गर्दी असते, वेळ आधी ठरवून जा.