१८० रुपयांची निळी केबल: घरच्या सीसीएनए लॅबचे आठ महिने

परवा रात्री लॅपटॉपने अपडेट घेतलं आणि सकाळी सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग परीक्षेसाठी घरी मांडलेली माझी अख्खी लॅब मुकी झाली. स्विच चालू, राउटर चालू, दिवे लुकलुकताहेत, पण पुटी (लॅपटॉपवरून त्यांच्याशी बोलायचं सॉफ्टवेअर) म्हणतंय पोर्ट उघडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्सोल केबलच्या (लॅपटॉप आणि राउटर-स्विच जोडणाऱ्या वायरच्या) नावापुढे पिवळा त्रिकोण आणि इंग्रजीत निरोप: ही पीएल२३०३ एचएक्सए चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा. म्हटलं, साधतो की!

विक्रेता पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून दोन पावलांवर. फेब्रुवारीत सगळं सामान त्याच्याकडूनच उचललं होतं. सिस्कोचे दोन २९६० स्विच, चोवीस पोर्टवाले, आणि एक १८४१ राउटर, घासाघीस करून ६,२००. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला माल. केबलचे १८० त्याने वेगळे लावले, तेव्हाच खटकलं होतं. सहा हजारांच्या मालावर एक केबल फुकट द्यायला काय झालं होतं?

सामानाबद्दल तसं काही म्हणणं नाही. फास्ट इथरनेट आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगतो, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं), ट्रंक, इथरचॅनेल आणि रॅपिड स्पॅनिंग ट्री (लूप, म्हणजे डेटाचं गोल गोल फिरणं, रोखणारी पद्धत) हे परीक्षेतले विषय शिकायला १०० एमबीपीएस भरपूर झालं. लूप करून बघायचा असेल तर दोन स्विच लागतातच. व्हीलॅन-व्हीलॅनमधलं राउटिंग एका १८४१ वर होतं. दुकानदार सीरियल कार्ड आणि त्याची जाडजूड केबल ९०० ला गळ्यात मारत होता, ती घेतली नाही हे बरं केलं, कारण सीसीएनएच्या आताच्या २००-३०१ या परीक्षेत फ्रेम रिले, पीपीपी हे सीरियल लाइनवरचे विषय काही उरलेले नाहीत. ओएसपीएफला (राउटरांनी आपसात रस्ते ठरवायच्या पद्धतीला) चार राउटर लागले की पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सिम्युलेटर उघडायचं, वायरलेसलाही तेच. ते फुकट आहे.

पंख्यांचा आवाज मात्र आहे. रॅकमध्ये राहायची वस्तू दोन खोल्यांच्या घरात आणली की दुसरं काय होणार. आई त्याला गिरणी म्हणते. "गिरणी बंद कर, मालिका ऐकू येत नाही." पुन्हा घ्यायची वेळ आली तर आठ पोर्टचा, बिनपंख्याचा २९६० शोधीन.

एक गंमत. स्विच साफ करायला राइट इरेज दिलं, रीलोड केलं, आणि शो व्हीलॅन मारलं तर आधीच्या मालकाचं ऑफिस जसंच्या तसं बसलेलं: अकाउंट्स, कॅन्टीन, सिक्युरिटी. व्हीलॅनची माहिती फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या फाइलमध्ये असते, ती वेगळी उडवावी लागते. हे पुस्तकात दोनदा वाचलं होतं, पण दुसऱ्याचं कॅन्टीन आपल्या टेबलावर बघितल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

आता परत केबलकडे. राउटरवर जुन्या मालकाचा पासवर्ड होता. उपाय सगळ्यांना पाठ असतो: चालू होताना ब्रेक हा इशारा पाठवा, रॉममॉन या दुरुस्ती मोडमध्ये जा, कॉन्फरेज २१४२ (जुनी सेटिंग्ज वगळून सुरू हो), रीसेट, मग काम झालं की २१०२ (नेहमीसारखं). माझ्या लॅपटॉपवर ब्रेकचं बटणच नाही. पुटीच्या मेनूत स्पेशल कमांडमध्ये ब्रेक आहे, ते दाबलं. राउटर ढिम्म. बंद-चालू, बंद-चालू, दोन संध्याकाळी गेल्या. राउटर गेलाय असं धरून मी १८०० रुपये मनातल्या मनात वजाही केले होते.

दोष केबलचा होता. ती अक्षरं इमानदारीत पोचवायची, ब्रेक तेवढा गिळायची. त्यावरचा तोडगा सिस्कोच्याच मदतीच्या पानावर सापडला: पुटीचा वेग ९६०० वरून १२०० करा, राउटर बंद करून चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबून धरा. पडद्यावर काही दिसत नाही. मग ९६०० वर परत या. आलो, तर रॉममॉन समोर हजर!

हे का चालतं ते कागदावर मांडलं तेव्हा मजा आली. १२०० च्या वेगाला एक बिट ९६०० च्या आठपट वेळ घेतो. स्पेसच्या अक्षरात सुरुवातीचा बिट धरून लागोपाठ सहा शून्यं जातात. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस. राउटरच्या हिशेबात एक अक्षर दहा बिटांत संपायला हवं, आणि इथे अठ्ठेचाळीस बिटांइतका वेळ लाइन शून्यावरच. तो समजतो, ब्रेक आला. पॅकेट ट्रेसरमधल्या निळ्या वायरने हे मला जन्मात शिकवलं नसतं, कारण ती वायर कधी बिघडत नाही. चांगली केबल असती तरी शिकलो नसतो. त्यामुळे एप्रिलमध्ये कोणी विचारलं असतं तर मी बेलाशक सांगितलं असतं, केबल स्वस्तातलीच घ्या.

अपडेटनंतर दुकानात गेलो आणि मत पालटलं.

"केबल बदलून द्या," मी.

त्याने ती काउंटरमागच्या विंडोज ७ च्या डब्याला लावली, दुसरं टोक समोर पडलेल्या एका स्विचमध्ये खुपसलं, एंटर दाबला. प्रॉम्प्ट आला.

"चालतंय की साहेब."

"तुमच्याकडे चालतंय. चिप जुनी आहे, नाहीतर नकली तरी. नवीन ड्रायव्हर घेत नाही."

"मग जुना ड्रायव्हर टाका. आठ महिने वापरलीत, पैसे वसूल झाले."

भांडण वीस मिनिटं चाललं, गाडीच्या पार्किंगचे वीस रुपये गेले आणि राग उतरवायला अमृततुल्यमध्ये दोन चहा. चिडचिड याची की त्याचं खरं निघालं. घरी येऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये यादीतून ड्रायव्हरची जुनी आवृत्ती हाताने निवडली, पाच मिनिटांत केबल बोलायला लागली. पण पुढच्या अपडेटला हे सगळं परत करायचं, आणि तेव्हा माझी परीक्षा आठवड्यावर आलेली असेल.

शेवटी ७५० ची, एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घेतली, दुसऱ्या दुकानातून, बिलासकट. आल्या आल्या राउटर बंद-चालू करून पुटीच्या मेनूतून ब्रेक पाठवला. पहिल्या फटक्यात रॉममॉन. मला जरा वाईटच वाटलं.

परीक्षा झाली की दोन्ही स्विच आणि राउटर काढायचे आहेत, एकत्र ५,५००, धनकवडीत येऊन चालवून बघा. १८० वाली केबल सोबत फुकट देईन.