काट्याची रांग आणि वायरशार्क

वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स, माहितीचे तुकडे, पकडून उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर. मी कॉलेजात होते तेव्हा याचं नाव इथरीअल होतं. २००६ मध्ये वायरशार्क झालं. तेव्हापासून एक पैसा न मोजता वापरतेय, त्यामुळे थोडी भीड आहे. तक्रारीही आहेत.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. एका साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा संगणक सर्व्हरशी बोलेना. तिथं ऑफिस १० नंबरच्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवर वेगळं राखलेलं नेटवर्क), काटा २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये. काट्याच्या केबिनमधला स्विच, नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी, आदल्या दिवशीच बदललेला. संगणकाला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत होता, पण १९२.१६८.१०.५७; तिसरा आकडा १०, म्हणजे ऑफिसच्या घरातला. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली आणि काट्यावरचे मामा सारखे डोकावत होते, "ताई, झालं का? गव्हाण मोकळी पडंल."

मुख्य स्विचवर केबिनकडे जाणारं ट्रंक पोर्ट (सगळे व्हीलॅन एकाच तारेवरून नेणारं) मिरर केलं, म्हणजे त्यावरच्या रहदारीची प्रत दुसऱ्या पोर्टावर घेतली, तिथं लॅपटॉप जोडला, वायरशार्क सुरू केलं. सगळी पॅकेट्स बिनटॅगची, म्हणजे व्हीलॅनचा नंबर सांगणारी चिठ्ठी नसलेली. कॅमेऱ्यांचीसुद्धा! ट्रंकच लागलेलं नाही असं धरून मी पाऊण तास दोन्ही स्विचच्या सेटिंगशी झगडले. चूक माझी. विंडोजवर बऱ्याच नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग काढून मगच फ्रेम (वेष्टनासकट पॅकेट) वर देतात. वायरशार्कच्या हाती पडते ती सोललेली. काही कार्डांना रजिस्ट्रीत बदल करून टॅग ठेवायला लावता येतं, पण ते मामा डोक्यावर उभे असताना करायचं काम नव्हे. वायरशार्क याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला तरी कळणार कसं म्हणा.

गाडीत जुना लिनक्सचा लॅपटॉप पडून होता. तो लावला आणि टॅग दिसायला लागले. कॅमेऱ्याची फ्रेम उघडली तर ईथरनेटच्या ओळीखाली ८०२.१क्यूची, म्हणजे टॅगची, ओळ, आत व्हीलॅनचा आयडी ३०. सगळा मिळून चार बाइटांचा ऐवज. मग फिल्टरच्या पट्टीत 'डीएचसीपी', म्हणजे आयपी वाटणारी यंत्रणा, टाकलं (जुन्या आवृत्त्यांत 'बूटपी' लिहावं लागे). काट्याच्या संगणकाचं डिस्कव्हर (आयपी मागणारी हाक) सापडलं, पण त्यात ती टॅगची ओळच नाही; ईथरनेटखाली थेट आयपी. त्याला उत्तर म्हणून आलेली आयपीची ऑफरही तशीच बिनटॅग, आणि पाठवणारा १९२.१६८.१०.१.

नव्या स्विचवर ट्रंकचा नेटिव्ह व्हीलॅन कुणीतरी २० ठेवला होता, मुख्य स्विचवर तो १०. नेटिव्हची फ्रेम ट्रंकवरून बिनटॅग जाते, त्यामुळे काट्याची हाक इकडे ऑफिसची म्हणून खपली. ऑफिसच्या डीएचसीपीनं इमानदारीत उत्तर दिलं, ते बिनटॅगच परत गेलं आणि तिकडे २० मध्ये पडलं. स्विच दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, म्हणून कुणी कुरकुरही केली नाही. केबिनमध्ये नेटिव्ह १० केला, २० टॅग लावून सोडला, संगणकाला आयपी नव्यानं मागायला लावला. १९२.१६८.२०.३१. मामांनी खिडकीतूनच पहिल्या ट्रॉलीला हात केला.

म्हणजे वायरशार्कनं कारण एका ओळीत दाखवलं. खरं तर एका नसलेल्या ओळीत. स्विचच्या स्क्रीनवर दोन्हीकडे पोर्ट 'ट्रंक' म्हणूनच झळकत होतं.

आता तक्रारी. व्हीलॅन आयडीचा कॉलम मुळात दिसत नाही; एखाद्या टॅग असलेल्या फ्रेममधल्या आयडीवर उजवी क्लिक करून तो कॉलम म्हणून लावून घ्यावा लागतो. शिवाय पकडताना लावायच्या फिल्टरची भाषा वेगळी आणि बघताना लावायच्या फिल्टरची वेगळी. पकडतानाच एखाद्या आयपीचा फिल्टर लावलात तर टॅग असलेली पॅकेट्स त्यातून निसटू शकतात. मी आधी सगळं पकडते, निवडत नंतर बसते. आणि काही स्विच मिरर करतानाच टॅग काढतात, तेही आधी तपासा. नाहीतर माझ्यासारखा पाऊण तास जाईल.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कॉलमसाठी. लिनक्सचा लॅपटॉप आता चार्ज करूनच गाडीत ठेवते.