आठ महिन्यांनंतर: रविवारचा सायकल क्लब आणि सरांची फूटपट्टी

मागच्या महिन्यात वडोदऱ्याजवळ डभोईच्या रस्त्यावर उभे राहून पेडल मारताना माझी चेन घसरली आणि गुडघा हँडलवर आपटला. त्या दिवशी ती तिसऱ्यांदा घसरली होती आणि तीही अवघ्या दोन दिवसांपूर्वी बसवलेली नवी चेन होती.

क्लब चालवणारे सर एकेकाळी स्पर्धांत उतरत असत. आता ते दर रविवारी पहाटे ५ वाजता काळाघोडा चौकात प्रत्येकाची सायकल तपासतात आणि ५.३० वाजता निघाल्यावर स्वतः सर्वांत मागे राहतात. जोडीने कसे चालवावे, खड्डा हाताने कसा दाखवावा, वारा अंगावर घेणाऱ्याने केव्हा बाजूला व्हावे, हे सगळे मी तिथेच शिकलो. १,२०० रुपयांच्या वार्षिक वर्गणीत एवढे मिळत असल्याने तक्रारीला जागा नव्हती. तक्रार होती ती फक्त त्यांच्या पोलादी फूटपट्टीबद्दल.

सर दर महिन्याला ती पट्टी चेनला लावतात. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. वापराने धातू ताणला जात नाही, तर प्रत्येक सांध्यातली पिन झिजते आणि त्या सगळ्या झिजेची बेरीज चेनच्या लांबीत दिसते. शेवटची पिन १२ इंचांच्या खुणेपुढे १/१६ इंच गेली, की चेन बदलायची. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला तसे सांगितले. १,३५० रुपये वाचवण्यासाठी मी हसून विषय टाळला आणि घरी बायकोला सांगितले, की रेसिंगवाल्यांना दुसऱ्याच्या खिशाची किंमत नसते. पुढे दर महिन्याला पट्टी निघाली, की मी टायरमध्ये हवा भरण्याचे निमित्त काढून बाजूला सरकत असे.

सातव्या महिन्यात मी स्वतःहून चेन बदलली, पण ती दुकानात. दुकानदाराने कॅसेटकडे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाकडे, पाहिलेसुद्धा नाही. लांबलेल्या चेनने कॅसेटचे दात आपल्या मापाने कोरलेले असतात, त्यामुळे नवी चेन त्यांवर नीट बसत नाही आणि जोर लावला की घसरते. दुकानदाराशी वाद घातला, तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त चेन मागितली होती." कॅसेटसाठी वेगळे २,६०० रुपये मोजावे लागले. दुसऱ्या महिन्यातच ऐकले असते तर केवळ चेनवर भागले असते, हा हिशेब मी तेव्हापासून अनेकदा करून पाहिला आहे आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच येतो.

तेव्हा पट्टीबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. एक गाऱ्हाणे मात्र कायम आहे: सर चूक दाखवतात ती सर्वांसमोर आणि मोठ्या आवाजात. माझी चेन घसरली तेव्हा त्यांनी मागून येऊन सायकल उलटी केली, बारा जणांना जवळ बोलावले आणि माझ्या कॅसेटचे दात बोटाने मोजून दाखवले. कान लाल झाले, परंतु त्या बारांपैकी तिघांनी त्याच आठवड्यात चेन बदलल्या.

गेल्या रविवारी मी ४० रुपयांची स्वतःची फूटपट्टी घेऊन गेलो. सरांनी ती उजेडात धरून पाहिली, शून्याची कड तासलेली आहे, एक इंचापासून मोजा, असे म्हणून परत दिली आणि पुढच्या सायकलपाशी गेले.