चिऊताईचं दार की स्क्रॅचज्युनियरचं मांजर?

लेक साडेपाच वर्षांची झाली आणि "कोडिंगला घातलं का?" असं विचारणारे वाढले. क्लास नको हे ठरलेलंच होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात आणतं, मग एवढी घाई कसली? घरच्या घरी करायचं तर दोन वाटा होत्या: टॅबलेटवर स्क्रॅचज्युनियर हे लहान मुलांचं कोडिंगचं ॲप, नाहीतर रात्री अंथरुणात चिऊ-काऊ आणि भोपळ्यातली म्हातारी. कोडिंग म्हणजे शेवटी सूचना नीट क्रमाने लावणं, आणि क्रम तर गोष्टींतही असतोच. दोन्ही करून पाहिल्या.

स्क्रॅचज्युनियरला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटीच्या मंडळींनी २०१४ मध्ये आणलं, फुकट आहे, सूचनांचे ठोकळे एकापुढे एक जोडायचे आणि त्यांवर अक्षरांऐवजी चित्रं आहेत. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावरचं मांजर चालायला लागलं.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवरून. तिथे चुकलं तरी चुकल्यासारखं वाटत नाही. लेकीला मांजर घरापाशी थांबवायचं होतं. तिने शेवटी तो अखंड फिरवणारा लाल ठोकळा लावला. मांजर घर ओलांडून उजवीकडून पडद्याबाहेर गेलं आणि डावीकडून परत आत आलं. ही टाळ्या पिटतेय! "अगं, घरापाशी थांबणार होतं ना?" तर म्हणे, "मला असंच हवं होतं." जवळपास रोज हेच. आणि मग मांजराला जांभळं करण्यात अर्धा तास.

उलट एका रात्री पेंगता पेंगता मी चिऊताईचं दार कावळ्याच्या पहिल्याच हाकेला उघडलं. लेक ताडकन उठून बसली. "बाबा, बाळाची अंघोळ कुठे झाली? तीट?" दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अंघोळ, अंग पुसणं, झबलं, तीट अशी चित्रं काढून चिठ्ठ्या केल्या आणि फरशीवर ओळीने मांडल्या. मी गुपचूप एखादी हलवायचो, ती हुडकून काढायची. झबलं अंघोळीच्या आधी आलं तर ओलं होईल, हे मला सांगावं लागलं नाही.

म्हातारी तर आणखी कामाची. कोल्हा येवो नाहीतर वाघ, तिचं उत्तर ठरलेलं: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. बदलतं ते फक्त समोरचं जनावर. एकदा मी वाघाच्या जागी मांजर आणलं. लेक थबकली. "मांजर कुठे म्हातारीला खातं? मग ती असं का सांगेल?" म्हणजे 'जर खाणारं जनावर असेल, तरच हे उत्तर' असं 'जर-तर' तिने आपणहून घातलं. स्क्रॅचज्युनियरमध्ये जर-तरचा ठोकळाच नाही, तो मोठ्या मुलांच्या स्क्रॅचमध्ये भेटतो.

गोष्टींतही खोट आहे. पोर विचार करतंय की पाठ म्हणतंय, ते पटकन कळत नाही. म्हणून मधेमधे मांजर घुसवावं लागतं. शिवाय बापाला जागं राहावं लागतं. तुम्ही रात्री दहाला घरी पोचत असाल तर ॲपच बरं, आणि माझा अनुभव एकाच पोरीचा आहे, हेही धरून चाला.

टॅबलेट काही फेकला नाही. परवा तिने त्यात भोपळा काढून पळवला. तो पडद्याबाहेर गेल्यावर स्वतःच म्हणाली, "थांब बाबा, लेकीचं घर मागेच राहिलं."