विंडोज ११च्या डिस्कमध्येच डॉटनेट: बरेच महिने वापरल्यानंतर

मशीन फॉरमॅट करून नव्याने उभं करणं हे माझं नेहमीचं काम. त्यासाठी विंडोज ११ची स्वतःची इन्स्टॉलेशन डिस्क बनवून घेतली आणि लागणारे डॉटनेट फ्रेमवर्क (मायक्रोसॉफ्टचं, बरेच प्रोग्रॅम चालायला लागणारं तयार सामान) तिच्यातच घातले. आता बरेच महिने तीच डिस्क रोज हाताळतोय, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो: डॉटनेट ३.५ इमेजच्या (डिस्कवरच्या विंडोजच्या फाइलींच्या गठ्ठ्याच्या) आत घाला. नवीन डॉटनेट रनटाइम आणि व्हिज्युअल सी++चे रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारे भाग) मात्र इमेजमध्ये कोंबू नका, डिस्कवर शेजारी ठेवा.

विंडोज ११मध्ये डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ किंवा ४.८.१ मुळातच असतं, त्याची काळजी नाही. अडतं ते ३.५पाशी. जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर, हजेरीच्या यंत्रांचे प्रोग्रॅम, प्रयोगशाळेतल्या उपकरणांसोबत आलेली युटिलिटी, यातलं कितीतरी आजही २.० किंवा ३.५ मागतं (३.५ चालू केलं की २.० आणि ३.० त्यातच आले). विंडोज हे ऐनवेळी इंटरनेटवरून उतरवायला बघतं. नेट नसेल, किंवा ऑफिसच्या आतल्या अपडेट सर्व्हरने वाट अडवली असेल, की गाडी तिथेच थांबते. ३.५ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२९पर्यंत आहे, म्हणजे ही गरज इतक्यात संपत नाही.

३.५ची फाइल मूळ आयएसओमध्येच (विंडोजच्या डिस्कच्या फाइलमध्येच) असते. सोर्सेस फोल्डरच्या आत एसएक्सएस नावाचा फोल्डर आहे, त्यात नेटएफएक्स३ची (हे विंडोजमधलं ३.५चं नाव) कॅब, म्हणजे दाबून बांधलेली फाइल. डिझमने (विंडोजमधलंच कमांडने चालणारं साधन) विमची, म्हणजे इमेज ठेवलेल्या फाइलमधली, इमेज माउंट करायची (फोल्डरसारखी उघडायची), नेटएफएक्स३ हे फीचर एनेबल करायचं, सोर्स म्हणून हा फोल्डर दाखवायचा आणि लिमिटॲक्सेस द्यायचं, म्हणजे ते नेटवर शोधत बसत नाही. एनटीलाइट नावाच्या प्रोग्रॅममध्ये हेच माउसने होतं आणि ते साधन चांगलं आहे. तरी मी डिझमच धरून राहिलो, कारण सगळ्या कमांड एका बॅच फाइलमध्ये राहतात आणि पुढच्या वेळी अगदी त्याच क्रमाने चालतात. या कामात क्रमच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

लँग्वेज पॅक वगैरे घालायचे असतील तर ते आधी. मग विंडोजचं क्युम्युलेटिव्ह (आतापर्यंतच्या दुरुस्त्या एकत्र असलेलं) अपडेट. मग कॉम्पोनंट क्लीनअप, म्हणजे जुन्या फाइली निघून इमेज हलकी होते. त्यानंतर ३.५, आणि शेवटी डॉटनेटचं स्वतंत्र क्युम्युलेटिव्ह अपडेट. ३.५ आधी घातलं तर इमेजमध्ये रीस्टार्टची वाट बघणारी कामं साचतात आणि क्लीनअप चालायला नकार देतं. फीचरची यादी काढून बघा, नेटएफएक्स३समोर ‘एनेबल पेंडिंग’ दिसेल. तो बिघाड समजू नका. उरलेलं काम पहिल्या बूटला पूर्ण होतं. डॉटनेटचं अपडेट सगळ्यात शेवटी घेण्याचं कारणही सरळ आहे: कॅबमधल्या फाइली मूळ आवृत्तीच्या, त्यांच्यावर सुरक्षा दुरुस्त्या चढायला हव्यात. हे टाळून बनवलेली डिस्क चालते, पण प्रत्येक मशीन बसवल्या बसवल्या अपडेट मागत बसतं.

२४एच२पासून (विंडोज ११ची २०२४ची आवृत्ती) आणखी एक गोष्ट बदलली. क्युम्युलेटिव्ह अपडेटला आता आधीचं ‘चेकपॉइंट’ अपडेट लागू शकतं. दोन्ही अपडेटच्या एमएसयू फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की डिझम स्वतः हवी ती उचलतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते एका एररवर: ०एक्स८००एफ०८१एफ, सोर्स फाइली सापडल्या नाहीत. फाइल तर डोळ्यांसमोर असते! कारण असं की कॅबचं नाव सगळ्या आवृत्त्यांत एकच आहे. २२एच२च्या आयएसओतली आणि २४एच२च्या आयएसओतली फाइल नावावरून अजिबात ओळखू येत नाही, आणि दुसऱ्या आवृत्तीची कॅब इमेज स्वीकारत नाही. मी प्रत्येक कॅब आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. एवढ्या शिस्तीने हा एरर माझ्याकडे येतच नाही.

आता इमेजच्या बाहेरच्या गोष्टी. नवीन डॉटनेट म्हणजे ६, ८, १० हा वेगळाच प्राणी आहे. तो विंडोजचा भाग नाही, एक्सई इन्स्टॉलर आहे, शिवाय आयुष्य छोटं. ८चा आधार नोव्हेंबर २०२६मध्ये संपतो, ६चा २०२४मध्येच संपला. ८साठी बनवलेला प्रोग्रॅम आपणहून १०वर चालत नाही, म्हणून एकापेक्षा जास्त आवृत्त्या लागतात. ३२ बिटचे प्रोग्रॅम असतील तर त्यांचा डेस्कटॉप रनटाइम वेगळा. हे सगळं इमेजमध्ये शिजवलं तर दर महिन्याला इमेज उघडावी लागेल. त्यापेक्षा सोर्सेसमध्ये ओईएमचा फोल्डर करून त्यात सेटअपकम्प्लीट नावाची सीएमडी फाइल आणि इन्स्टॉलर ठेवले. इन्स्टॉल, क्वाएट, नोरीस्टार्ट हे स्विच दिले की लॉगिनची स्क्रीन येण्याआधीच सगळं गुपचूप बसतं. नवी आवृत्ती आली की फक्त फाइल बदलायची. व्हिज्युअल सी++चे रनटाइमही असेच.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. मशीनसोबत आलेल्या ओईएम कीवर विंडोज बसलं, तर होम आणि प्रोमध्ये सेटअपकम्प्लीट चालतच नाही. एरर नाही, सूचना नाही, नुसती शांतता. अशा मशीनसाठी उत्तरफाइलमधल्या (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) फर्स्टलॉगऑनकमांड्स वापरतो. ते पहिल्या लॉगिननंतर चालतं, एवढाच फरक.

वापरताना कसं वाटतं? पहिल्या बूटनंतर थोडा वेळ पंखा जोरात फिरतो. टास्क मॅनेजरमध्ये एमएसकॉर्एसव्हीडब्ल्यू नावाची प्रोसेस प्रोसेसर खाताना दिसेल. ती डॉटनेटच्या लायब्ररी त्या मशीनसाठी कंपाइल करत असते. मारू नका, आपोआप थांबते. त्यानंतर वेगात काही फरक जाणवला नाही. जुनी सॉफ्टवेअर पहिल्या क्लिकला उघडतात, आणि ‘हे फीचर डाउनलोड करा’ ही खिडकी मी या डिस्कवरून बसवलेल्या मशीनवर पुन्हा पाहिलेली नाही. माझ्यासाठी सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच होता.

त्रास आहेतच. आयएसओत होम, प्रो अशा आवृत्त्या वेगवेगळ्या इंडेक्सवर (अनुक्रमांकावर) असतात आणि प्रत्येकीवर सगळा क्रम पुन्हा करावा लागतो. मी लागतात तेवढ्याच एक्सपोर्ट करून बाकीच्या सोडून दिल्या. कमिट करताना (बदल इमेजमध्ये कायम करताना) माउंटचा फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा राहिला तर अनमाउंट अडतं. अपडेट घातल्यावर विम ४ जीबीच्या पुढे जाते आणि फॅट३२च्या पेनड्राइव्हवर मावत नाही. तेव्हा डिझमनेच विमचे एसडब्ल्यूएम नावाचे छोटे तुकडे करायचे, सेटअप ते ओळखतं.

एखाद-दुसरंच मशीन असेल तर मात्र एवढं करू नका. त्याच आवृत्तीची कॅब पेनड्राइव्हवर न्या आणि विंडोज बसल्यावर चालू सिस्टिमवर तीच डिझमची कमांड द्या, फक्त इमेजच्या जागी ऑनलाइन लिहून. चार-पाच मिनिटांत काम होतं.