दुसऱ्या वाचनातही टिकणाऱ्या खूनकथा

खुनी कोण हे माहीत असूनही पुस्तक पुन्हा हातात घ्यावंसं वाटलं, तर ती रहस्यकथा चांगली. पहिल्या वाचनात धक्का देणं त्यामानाने सोपं, शेवटच्या प्रकरणात एखादा जुळा भाऊ आणून उभा केला की झालं. दुसऱ्या वाचनात मात्र लेखक उघडा पडतो. सुगावा खरंच आपल्या डोळ्यांसमोर ठेवला होता, की दडवून ठेवला होता?

या कसोटीवर केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' सगळ्यात वर. मूळ जपानी कादंबरी २००५ची, इंग्रजी अनुवाद २०११चा. खून सुरुवातीलाच होतो, तोही वाचकासमोर. जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, तिची शाळकरी मुलगी, त्रास द्यायला दारात येऊन ठेपलेला आधीचा नवरा आणि त्याच्या गळ्याभोवती आवळलेली विजेची वायर. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी प्रेत आणि पोलिस, दोन्हींचा बंदोबस्त अंगावर घेतो. म्हणजे 'कोणी केला' हा प्रश्नच उरत नाही. पोलिस यासुकोची जबानी पुन्हा पुन्हा तपासतात आणि ती का मोडत नाही, हे कोडं. इशिगामीचा परीक्षेतला प्रश्न भूमितीचा वाटतो आणि असतो वेगळ्याच धड्यातला. हे वाक्य सहज म्हणून वाचून पुढे गेलात की फसलात, कारण लेखकाने आपली युक्ती तिथेच सांगून टाकलेली आहे. सुरुवातीची पानं, इशिगामीच्या शाळेच्या वाटेचं वर्णन असलेली, घाईने उलटू नका. एकच उणीव जाणवते: जिच्यासाठी हे सगळं चाललंय त्या यासुकोचं मन शेवटपर्यंत धूसर राहतं.

ॲगाथा ख्रिस्तींची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) वाचकाला फसवते की नाही, यावर आजही वाद होतात. दुसऱ्यांदा वाचा, एकेक वाक्य किती मोजूनमापून लिहिलंय ते कळेल. प्रस्तावना आणि मलपृष्ठ मात्र आधी वाचू नका. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या कथांना ही मोजपट्टी लावणं अन्यायाचं होईल. त्यांची मजा वेगात आहे आणि त्या वेगाने किती मराठी घरांत वाचनाची गोडी लागली!

मुंबईत घडणाऱ्या कादंबऱ्यांत सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) पहिली घ्यावी. काळ १९२१चा. पर्वीन मिस्त्री ही वडिलांच्या फर्ममध्ये काम करणारी पारशी वकील, व्यक्तिरेखेमागे प्रेरणा भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजींची. गिरणीमालक वारलाय, त्याच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि आपला हक्काचा मेहेर (लग्नात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम) सोडून देणाऱ्या कागदावर तिघींच्या सह्या आहेत. पुढे घरचा मुखत्यार मारला जातो आणि पुरुष पोलिसांना जनान्यात पाऊल टाकता येत नाही. पर्वीनलाही कोर्टात उभं राहता येत नाही, कारण बायकांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा १९२३चा. अडचणी वरून चिकटवलेल्या नाहीत, त्या काळच्या रीतींतून आणि कायद्यातून आल्या आहेत, म्हणून पटतात. कलकत्त्यातल्या पर्वीनच्या लग्नाची हकिगत मात्र लांबते आणि तेवढा वेळ खून ताटकळत राहतो.

एच. आर. एफ. कीटिंग यांनी 'द परफेक्ट मर्डर' (१९६४) लिहिली तेव्हा त्यांनी भारत पाहिलेला नव्हता. संवाद कानाला खटकतात, पण इन्स्पेक्टर घोटेंची साहेबासमोरची भीड अस्सल आहे. विक्रम चंद्रा यांची 'सेक्रेड गेम्स' (२००६) खुनी शोधायला नको, शहरासाठी वाचा. पानं नऊशेच्या आसपास, लोकलमध्ये उभ्याने एका हातात पेलणार नाही. मोबाइलवर घ्या.

मुंबईतली कथा वाचताना दोन चुका हमखास सापडतात. पहिली मृत्यूच्या वेळेची. प्रेत तासाला दीड अंश फॅरनहाइटने थंड होतं हा ढोबळ हिशेब थंड हवेतला. मे महिन्यात बंद खोलीत ३४ अंश सेल्सियस असेल तर ३७ अंशांचं शरीर थंड होणार तरी किती? उलट उकाड्यात प्रेत लवकर ताठरतं आणि ताठरपणा ओसरतोही लवकर. त्यामुळे अशा हवेत 'रात्री सव्वादहालाच मृत्यू' म्हणणारा डॉक्टर विश्वासार्ह नाही. दुसरी चूक कबुलीजबाबाची. शेवटच्या प्रकरणात खुनी इन्स्पेक्टरसमोर सगळं ओकतो आणि कथा संपते. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. त्या कबुलीमुळे हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. चांगला लेखक म्हणूनच कबुलीनंतर विहीर उपसायला लावतो.

जुनी प्रत फ्लोरा फाउंटनच्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेणार असाल तर तिथेच उभं राहून शेवटचा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा, तपासा. तो बहुधा सोळा पानांचा असतो, शिवण किंवा गोंद सुटला की अख्खा गळतो, आणि रहस्यकथेत नेमकी तीच सोळा पानं हवी असतात. नकली छपाईत एकच फॉर्मा दोनदा लागून पुढचा गायब झालेला असतो, म्हणून मधूनही चाळा. फक्त नजर पानांच्या आकड्यांवर ठेवा, मजकुरावर नको.