गाडगीळ ग्रंथालयाच्या स्कॅन प्रती: काही महिने वापरल्यावर

आधी राग आला म्हणून इकडे वळलो. आकडेवारी विकणाऱ्या एका साइटने (नाव लिहीत नाही) न विचारता वर्षाची वर्गणी कापली. फोन केला की 'आपली तक्रार नोंदवली आहे', बस. एवढं करून मला हवी असलेली १९३०च्या आसपासची पुण्याच्या फळबाजाराची माहिती तिथे नव्हतीच.

ती मिळाली गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डिजिटल संग्रहात, दमडी न मोजता. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनीच केलेली फळबाजाराची पाहणी, १९३३ची. संस्था बीएमसीसी रोडवर कुठे आहे ते पुणेकरांना सांगायला नको. संस्थेचं गाडगीळ ग्रंथालय मात्र तिच्याहून वयाने मोठं. त्याचं मूळ १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या पुस्तकांत. संस्था आली १९३० साली, रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, त्यांचंच नाव ग्रंथालयाला.

आता खरा मुद्दा: पहिलं पान. स्कॅन प्रत उघडली की आधी ग्रंथालयाचं नाव, बारकोड आणि 'जीआयपीई-पुणे' (संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असा क्रमांक. प्रिंट काढताना मी ते वगळायचो, उगाच एका पानाचे पैसे कशाला? पण सरकारी अहवालांची नावं वर्षानुवर्षं तीच असतात, फक्त साल बदलतं. माझ्या टेबलावर जमाबंदी, शेती, नगरपालिका असे गठ्ठे झाले आणि कुठलं पान कुठल्या अहवालाचं याचा पत्ता लागेना. फायली पुन्हा उघडून त्या क्रमांकावरूनच गठ्ठे लावले. आता गठ्ठ्यावर क्रमांक आधी लिहितो, नाव नंतर. टिपेतही तोच देतो.

सुरुवातीला वाटलं होतं, हे फक्त जुन्याची हौस असणाऱ्यांसाठी. आता तसं वाटत नाही. जुनी जनगणना, जकातीचे अहवाल, अंदाजपत्रकं गावातलं वाचनालय जागेअभावी रद्दीत काढेल, आणि त्यात त्याची चूकही नाही. ती जपायला अर्थशास्त्राला वाहिलेलं असं ग्रंथालय लागतं. १९४५चं गाडगीळांचं पुणे सर्वेक्षण वाचताना मागचे अहवालही तिथेच चाळता येतात, हा फायदा कुठल्याच वर्गणीत मिळाला नव्हता.

रुपये-आणे-पै आणि मण-शेर यांचा हिशेब आपला आपण करावा लागतो. आणि मोठे तक्ते ए-थ्रीवरच काढा. ए-फोरवर पैसे वाचतात खरे, पण आण्यांचा रकाना संपून पैचा कुठे सुरू झाला ते दिसत नाही.